विंडोज बदलण्याआधी : ट्रेसिंगपासून मागे तपासत या

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पुण्याच्या नारायण पेठेत डीटीपीचा, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने लावण्याचा, छोटा व्यवसाय चालवणाऱ्या एका भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. सासऱ्यांच्या खिळ्यांच्या छापखान्यातून उभा राहिलेला हा व्यवसाय आज त्या एका ऑपरेटरच्या मदतीने सांभाळतात. लग्नपत्रिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तके आणि दोन दिवाळी अंक ही त्यांची वर्षभराची कामे आहेत. त्यांचा मुख्य संगणक २०१६ मध्ये जोडून घेतलेला आहे. त्यावर विंडोज १०, पाने लावण्याचा पेजमेकर ७, देवनागरी फॉन्टचे सॉफ्टवेअर आणि त्याचे यूएसबी डोंगल (परवाना ओळखण्यासाठी लावायची छोटी कळ) आहे, आणि त्या संगणकालाच जुना लेझर प्रिंटर व स्कॅनर जोडलेला आहे. संगणकाच्या माहितीच्या पानावर प्रोसेसर ‘आय५-६५००’ आणि मेमरी ‘८ जीबी, पैकी ३.४ जीबी वापरण्यायोग्य’ असे दिसते. हिशेब आणि ईमेलसाठी वापरला जाणारा दुसरा संगणक २०१९ चा, ‘आय५-८४००’ प्रोसेसरचा आहे आणि त्यावर आठही जीबी मेमरी वापरात दिसते. विंडोज ११ साठी संगणक पात्र नाही, असा संदेश दोन्हीकडे येतो. इंजिनीअरिंगला असलेला भाचा म्हणतो, की ही तपासणी वगळून दोन्हींवर एका संध्याकाळी विंडोज ११ टाकून देतो. टिळक रस्त्यावरचे त्यांचे नेहमीचे दुकानदार म्हणतात, की दोन्ही संगणक बदलून टाका. त्या विचारतात : “अठरा वर्षांच्या फाइली उघडल्या नाहीत, तर पुनर्मुद्रणाची कामे मी कशी करू? या दोघांपैकी कोणाचे ऐकू? भाच्याला दुखवायचेही नाही.”

ताई, तुमच्या पत्रातली भीती अनाठायी नाही, हे आधी सांगतो. ज्यांचे पोट संगणकावर चालते, त्यांनी त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना घाबरलेच पाहिजे. मात्र तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. भाचा, दुकानदार आणि तो पडद्यावरचा संदेश, हे तिघेही तुमच्या टेबलाखालच्या डब्याविषयी बोलत आहेत, आणि तुम्हीही त्यांच्या मागोमाग प्रश्न त्या डब्यापुरताच धरला आहे. तुमचे काम डब्यात संपत नाही. ते डोंगलमधून, फॉन्टमधून, पेजमेकरमधून जाऊन प्रिंटरमधून बाहेर येणाऱ्या ट्रेसिंगवर, म्हणजे छपाईसाठी पारदर्शकशा कागदावर काढलेल्या पानावर, संपते. विंडोजचा तो संदेश प्रोसेसर, मेमरी, डिस्क, टीपीएम नावाची सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाचे संरक्षण) अशा गोष्टीच पाहतो. तुमचे डोंगल ओळखले जाईल का, रफार जागेवर पडेल का, प्रिंटर ट्रेसिंग काढील का, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. त्यामुळे ‘पात्र नाही’ असे वाचून काम थांबले असे समजू नका, आणि उद्या नव्या संगणकावर ‘पात्र आहे’ असे दिसले म्हणून काम चालेल असेही समजू नका.

दुसरे गृहीत घाईचे आहे. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. थांबले ते सुरक्षेचे मासिक सुधार. यापुढे त्या सिस्टिममध्ये जी नवी भोके सापडतील ती बुजवली जाणार नाहीत, आणि त्याचा धोका मुख्यतः इंटरनेटला जोडलेल्या, ईमेल उघडणाऱ्या आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या संगणकाला असतो. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा सुधारांची योजना ठेवली आहे आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यासाठी संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवल्यास ही नोंदणी विनामूल्य होते, नाहीतर तीस डॉलर किंवा तेवढ्या मोलाची स्थानिक रक्कम भरून घेता येते. म्हणजे विचार करायला तुम्हाला अवकाश आहे, आणि तो भाच्याच्या एका संध्याकाळीपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

आता संगणकांकडे वळू. संदेश एकच असला तरी दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

२०१९ चा संगणक माझ्या मते जवळपास निरोगी आहे. इंटेलच्या प्रोसेसरची पिढी त्याच्या क्रमांकावरून कळते. ‘आय५-८४००’ मधला आठ म्हणजे आठवी पिढी. पाच आकडी क्रमांक असेल, जसे ‘१०४००’, तर पहिले दोन आकडे घ्यायचे, म्हणजे दहावी पिढी. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढच्या पिढ्या आहेत, सातव्या पिढीतले मोजकेच अपवाद घेतले आहेत. (एएमडीचा प्रोसेसर असणाऱ्यांनी नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. रायझनच्या २००० मालिकेतलेही काही प्रोसेसर यादीत नाहीत, तेव्हा पूर्ण नाव यादीत शोधूनच पाहावे.) प्रोसेसर यादीत असूनही संदेश ‘पात्र नाही’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एखादी सेटिंग बंद असते. दुकानात जोडलेल्या संगणकांवर टीपीएम बंद राहणे आणि विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बसवलेली असणे अगदी नेहमीचे आहे. खात्री करायला दोन मिनिटे लागतात. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून, येणाऱ्या चौकटीत ‘टीपीएम.एमएससी’ हे इंग्रजी अक्षरांत लिहा. टीपीएम सापडत नाही असे उत्तर आले, तर ती बहुधा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद आहे. इंटेलच्या मदरबोर्डवर ती ‘पीटीटी’ या नावाने असते, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने. त्याच चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ लिहिले की माहितीचे पान उघडते. त्यात ‘बायोस मोड’ समोर ‘यूईएफआय’ ही नवी पद्धत आहे की जुनी ‘लेगसी’, ते पाहून कागदावर टिपून ठेवा.

‘लेगसी’ दिसले, तर इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण घाई करणारी माणसे नेमकी इथेच अडकतात. डिस्कची मांडणी जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीची असते. ती आधी ‘जीपीटी’ मध्ये बदलायची आणि त्यानंतरच बायोसमध्ये ‘यूईएफआय’ निवडायचे. क्रम उलटा झाला तर संगणक सुरूच होत नाही. मांडणी बदलण्यासाठी ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्येच आहे आणि ते माहिती न पुसता काम करते, तरीही पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी आणि बायोसमध्ये शिरण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. टीपीएममधला बदल पाहून पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला परक्या होतात. एवढे झाले की मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून पात्रता पुन्हा तपासा. एक पैसाही खर्च न होता हा संगणक पात्र ठरण्याची शक्यता मला मोठी वाटते, आणि म्हणून दुकानदारांचा ‘दोन्ही बदला’ हा सल्ला मी अर्धा तरी बाजूला ठेवीन.

मुख्य संगणकाची गोष्ट निराळी आहे. ‘आय५-६५००’ सहाव्या पिढीचा, यादीबाहेरचा आहे. त्याच्या बोर्डवर टीपीएम २.० असू शकेल, तुम्ही ती सुरूही कराल, तरी प्रोसेसर यादीत येणार नाही. ‘मग नुसता प्रोसेसर बदला, सॉकेट तोच आहे’ असे कोणी सांगितले, तर पैसे देऊ नका. सहाव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचे नाव एकच, एलजीए ११५१, असले तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, तो तुमच्या २०१६ च्या बोर्डवर नाही. बोर्ड बदलायचा, तर विंडोजच्या परवान्याचा प्रश्न येतो. संगणकाबरोबर मिळालेला ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो, स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या बोर्डवर नेता येतो. बिल काढून परवाना कोणता आहे ते पाहा.

पण तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात : आठ जीबीपैकी ३.४ जीबी वापरण्यायोग्य. मेमरी बिघडल्यानेही क्वचित असे दिसते, पण हा नेमका आकडा बहुधा एकच सांगतो. तुमची विंडोज ३२ बिटची आहे. ३२ बिटची विंडोज चार जीबीच्या पलीकडची मेमरी वापरू शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखून ठेवला जातो. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट’ पानावर ‘सिस्टिम टाइप’ पाहिलेत की खात्री होईल. २०१६ मध्ये जोडणाऱ्याने हे विसरून केले असे मी मानणार नाही. त्या काळी पुष्कळ डीटीपीवाल्यांच्या डोंगलचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर (उपकरणाची विंडोजशी गाठ घालणारे सॉफ्टवेअर) ३२ बिटचेच होते, म्हणून मेमरी वाया जाऊ देऊन त्याने तुमचे काम चालू ठेवले असावे.

या एका शोधाने सगळ्या बेताचे रूप बदलते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटवर फाइली व प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून जाता येत नाही. सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. भाचा ज्याला एका संध्याकाळचे अपग्रेड म्हणतो, ते तुमच्या मुख्य संगणकावर अपग्रेड नसेलच. एरवी विंडोज ११ वर गेल्यावर काही बिनसले, तर दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत येण्याची सोय असते. नव्याने बसवणीत ती मिळत नाही. तपासणी वगळण्याच्या युक्त्या चालतात हे खरे आहे, आणि भाच्याला ते जमेल याबद्दल मला शंका नाही. परंतु अशा संगणकांना पुढचे सुधार मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यांच्याकडे आपोआप येत नाही, ती दर वेळी हातानेच बसवावी लागते. शिकण्यासाठी, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, हे करायला माझी हरकत नाही. दिवाळी अंक ज्यावर लागतो, त्या संगणकावर मी हे करू देणार नाही.

तर मग तपासायचे कसे? ट्रेसिंगपासून मागे.

पहिला प्रिंटर. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि ६४ बिटच्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरीही असावी लागते. प्रिंटरच्या मागचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन मॉडेलांत एका अक्षराचा फरक असतो आणि तोच महत्त्वाचा ठरतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाचा ‘विंडोज १० किंवा ११, ६४ बिट’ ड्रायव्हर आहे का ते पाहा आणि सापडल्यास लगेच उतरवून ठेवा. पुढे तो मिळेलच असे नाही. प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल भाषा येत असेल, तर सामान्य ड्रायव्हरवरही काम भागते. काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पानाची सगळी आखणी संगणकाकडून करून घेतात, आणि त्यांचा जीव संपूर्णपणे कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असतो.

दुसरे डोंगल. त्यासाठी फॉन्टचे सॉफ्टवेअर ज्यांनी विकले त्यांना फोन करा आणि ‘विंडोज ११ वर चालते का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘चालते’ असेच येते. विचारा, की माझ्याकडची आवृत्ती अमुक आहे, डोंगल अमुक साली मिळाले आहे, याच डोंगलचा ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का, नसल्यास डोंगल बदलून मिळेल का आणि किती खर्चाने. उत्तर ईमेलवर मागा. विंडोज ११ मध्ये ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचे संरक्षण असते, ते सुरू असताना काही जुने ड्रायव्हर अडवले जातात. विंडोज सिक्युरिटीच्या पानावर अशा ड्रायव्हरची नावे दिसतात. डोंगल असलेल्यांनी तिथे एकदा डोकवावे.

तिसरा पेजमेकर. ७ ही त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली आणि आता त्याच्या पाठीशी कोणीच उभे नाही. तो ३२ बिटचा प्रोग्रॅम असल्यामुळे ६४ बिटची विंडोज त्याला तत्त्वतः नाकारत नाही. त्याहून जुने १६ बिटचे प्रोग्रॅम, किंवा ज्यांचा इन्स्टॉलर तरी १६ बिटचा आहे असे प्रोग्रॅम, ती मुळीच चालवत नाही. पेजमेकर उघडला म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. ज्या प्रिंटरसाठी मजकूर लावला आहे, त्याच्या मोजमापाशी पेजमेकर आपली मांडणी जुळवतो. प्रिंटर किंवा त्याचा ड्रायव्हर बदलला की ओळी दुसरीकडे तुटू शकतात, आणि एका परिच्छेदातली एक ओळ वाढली की सोळा पानांचा अख्खा फर्मा सरकतो. तुमच्या पेठेतल्या माणसाला याचा अर्थ मी सांगायला नको.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जुन्या पुस्तकांतले असे एक पान निवडा, ज्यात रफार, जोडाक्षरे, तळटीप, एखादा तक्ता आणि स्कॅन केलेले चित्र, सगळे काही आहे. त्याची ट्रेसिंग आजच्या संगणकावरून काढून ठेवा. तुमच्या दुसऱ्या संगणकावर मेमरी पूर्ण दिसते, म्हणजे तिथली विंडोज ६४ बिटची आहे. तेव्हा विंडोज ११ ची वाटही न पाहता, आजच्या विंडोज १० वरच, प्रिंटर आणि डोंगल त्याला जोडा, ६४ बिटचे ड्रायव्हर बसवा आणि तेच पान तिथून काढा. विंडोज १० चे ६४ बिटचे ड्रायव्हर बहुतांशी ११ वरही चालतात, त्यामुळे या एका प्रयोगातून तुम्हाला कोणत्याही संदेशापेक्षा खरे उत्तर मिळेल. परवाना एकाच संगणकापुरता असेल, तर आधी विक्रेत्याची परवानगी घ्या. मग दोन्ही ट्रेसिंग एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. अक्षरावर अक्षर बसले, तर तुमची वाट मोकळी आहे. सरकले, तर कुठे सरकले ते तुम्हालाच सर्वांत आधी दिसेल. प्रूफ वाचणाऱ्या डोळ्यांना हे भाच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगले कळते.

स्कॅनरचे थोडक्यात सांगतो. कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल, तर व्ह्यूस्कॅनसारखे सशुल्क सॉफ्टवेअर अनेक जुने स्कॅनर चालवते. आधी त्याची चाचणी आवृत्ती लावून पाहावी.

हे ट्रेसिंगपासून मागे येणे मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका नातलगांच्या करसल्लागार कार्यालयातल्या संगणकाची विंडोज मी शनिवारी बदलून दिली. पात्रता तपासली होती, फाइली सुखरूप होत्या, छपाई होत होती, आणि मी समाधानाने घरी आलो. सोमवारी सकाळी विवरणपत्र भरताना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला दिसेना. त्याचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीचा होता, आणि नवा मिळवून बसवेपर्यंत त्यांचा दिवस गेला. मुदत त्याच आठवड्यात होती. मी त्यांना एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता, की सोमवारी उघडल्यावर तुम्ही सर्वांत पहिले काम कोणते करता? तो प्रश्न मी त्यानंतर प्रत्येकाला विचारतो. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला तो वजनकाट्यापर्यंत नेतो. अशा काट्यांना बहुधा सीरियल पोर्ट असतो आणि तो यूएसबीच्या कन्व्हर्टरने जोडलेला असतो, आणि त्या कन्व्हर्टरमध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप जुन्या आवृत्तीची असेल, तर नव्या विंडोजचा ड्रायव्हर तिला नाकारतो. तिथे संगणक बदलायचा नसतो, फक्त ती वायर बदलायची असते. दवाखान्यात तोच प्रश्न एक्स-रेच्या सेन्सरपर्यंत जातो. ज्यांचे काम केवळ ब्राउझर आणि ईमेलपुरते आहे, अशा जुन्या संगणकांच्या मालकांनी उबंटू किंवा लिनक्स मिंटचा विचार जरूर करावा. ते पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, छपाई सगळे त्यातच तपासून मग ठरवता येते. तुमच्या पेजमेकर आणि डोंगलसाठी मात्र मी ही वाट सुचवणार नाही.

आता अठरा वर्षांच्या फाइलींविषयी, कारण पत्रातली खरी काळजी तीच आहे. त्या फाइलींना धोका विंडोज ११ पासून जेवढा आहे, त्याहून अधिक २०१६ पासून रोज फिरणाऱ्या त्या एका डिस्कपासून आहे. आजच, दुसरे काहीही करण्याआधी, सगळ्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्यांतली एक दुकानात न ठेवता घरी ठेवा. फाइलींबरोबर फॉन्टचे फोल्डर, सगळ्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, परवान्याचे क्रमांक आणि प्रिंटरचा आज चालणारा ड्रायव्हरही घ्या. त्यानंतर ज्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे निघतात, त्यांची यादी करा. ती अठरा वर्षांची नसेल, कदाचित तीस-चाळीस शीर्षकांचीच निघेल. रोज दोन याप्रमाणे त्यांची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’खाली प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असे दिसले पाहिजे. अशी पीडीएफ कोणत्याही संगणकावर उघडते, तिला डोंगल लागत नाही, आणि जसेच्या तसे पुनर्मुद्रण त्यावरून होते. ज्यांत दुरुस्त्या होणार आहेत, त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोडचे नसल्याने तिथे परिवर्तक वापरून पुन्हा प्रूफ वाचावे लागते. ते काम सावकाशीचे आहे, ते या निर्णयात गुंतवू नका.

यानंतरचा माझा कौल असा. मुख्य संगणक आहे तसाच राहू द्या, पण त्याची इंटरनेटची वायर काढा आणि त्यावर ईमेल, बँक, काहीही उघडू नका. तो केवळ पाने लावण्याचे यंत्र समजा. ग्राहकांकडून आलेल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवून, विषाणूंसाठी तपासून, त्यासाठीच राखलेल्या एका पेनड्राइव्हने इकडे आणा. दुसरा संगणक, वर लिहिलेल्या सेटिंग्ज सुधारून, विंडोज ११ वर न्या. ट्रेसिंगची परीक्षा त्यावर उतरली, तर हळूहळू सगळे काम तिकडे सरकवा आणि मुख्य संगणक जुन्या फाइलींसाठी मागे ठेवा. परीक्षा उतरली नाही आणि नवे डोंगलही मिळत नसेल, तर विंडोज ११ च्या आत व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी विंडोज चालवून तिला यूएसबी डोंगल देता येते. त्या आतल्या विंडोजलाही वेगळा परवाना लागतो आणि मांडायला थोडे डोके लागते, म्हणून ही वाट मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

नवा संगणक कधी घ्यायचा? २०१६ चा बोर्ड कधीतरी जाईल, तेव्हा घ्यायचाच आहे, आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकायला आत्तापासून लागा. तुमचे दुकानदार फसवत आहेत असे मला वाटत नाही. त्यांना त्यांच्या बाजूने प्रश्न एवढाच दिसतो. घ्याल तेव्हा प्रिंटर आणि डोंगल रिक्षात घालून दुकानात न्या आणि पैसे देण्याआधी ते परीक्षेचे पान तिथे काढून दाखवायला सांगा. कंपन्यांतून बाहेर पडलेले जुने संगणक पुण्यात सहज मिळतात आणि ते घेणे वाईट नाही, मात्र आठव्या पिढीच्या खालचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

वेळही तुमच्या धंद्याची पाहा, कंपनीची नको. दोन्ही अंक बाजारात गेल्यावर आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड सुरू होण्याआधी जे आठ-दहा दिवस मोकळे मिळतात, तेव्हा दुसऱ्या संगणकाचा बदल करा. बॅकअप आणि पीडीएफची कामे मात्र तोवर थांबवू नका.

भाच्याचे काय, असे तुम्ही विचारले आहे. त्याला नाही म्हणू नका, त्याच्या कौशल्याला योग्य काम द्या. त्याला संदेश वगळण्यापेक्षा अवघड गोष्ट सांगा : दुसऱ्या संगणकातली डिस्क काढून ठेवायची, तिची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घ्यायची, आणि मांडणी बदलण्यापासून विंडोज ११ पर्यंतचे सगळे प्रयोग त्या एसएसडीवरच करायचे. बिनसले तर जुनी डिस्क परत लावली की सकाळी दुकान उघडता येते. बिटलॉकर असेल तर ते आधी पूर्ण उतरवायला आणि बायोसमध्ये जे बदलले ते वहीत टिपायला त्याला सांगा. काढलेल्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तारीख आणि ‘पुसू नये’ एवढे तुमच्या हातानेच लिहा, आणि पुढचे दोन दिवाळी अंक निघेपर्यंत ती कपाटात राहू द्या.